बोलून लिहा, पण आकडा वाचून घ्या

बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मला कुठं लिहिता येतं बाई, तूच लिही." गटात दहा-बारा जणी असतात आणि पेन एकीच्याच हातात असतो. ती माहेरी गेली, आजारी पडली किंवा शेतात गुंतली, की त्या आठवड्याचं इतिवृत्त राहून जातं. बचत होते, हप्ते गोळा होतात, पण लिहिलेलं काही नसतं. आपल्या पंचसूत्रीतली पहिली चार सूत्रं, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड, आपण पाळतो. गाडी अडते ती पाचव्यावर, नियमित लेख्यांवर.

आता जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी स्मार्टफोन आहे. कीबोर्ड उघडला की त्यावर माईकचं छोटं चित्र दिसतं. ते दाबून बोललं की आपलं बोलणं अक्षरांत उमटतं. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून लिहिण्याची ही सोय एकदम तीस नव्या भाषांत आणली, त्यांत मराठीही होती. ज्या बाईला वाचता येतं पण लिहायला हात वळत नाही, तिच्यासाठी ही मोठी सोय आहे. जिला वाचताही येत नाही, तीही निरोप बोलून लिहू शकते आणि दुसरीकडून वाचून घेऊ शकते.

पण गटाच्या वहीत शब्दांपेक्षा आकडे जास्त. आणि फोन नेमका दोन ठिकाणी फसतो, एक आकड्यांत आणि दुसरं विरामचिन्हांत. "आज बैठक झाली" यातलं एखादं अक्षर चुकलं तर कुणाचं नुकसान होत नाही. "साठ"चं "सात" झालं तर मात्र एका बाईचे त्रेपन्न रुपये गेले. म्हणून आज फक्त या दोन गोष्टी समजून घेऊ.

फोन ऐकतो कसा?

फोनला मराठी कळत नाही, तो अंदाज करतो. आपल्या आवाजाचे तो अगदी बारीक तुकडे करतो, एका सेकंदाचे शंभर करावेत इतके बारीक. प्रत्येक तुकडा कोणत्या अक्षराच्या आवाजाशी जुळतो ते बघतो. मग मागचेपुढचे शब्द बघून ठरवतो की इथं बहुधा कोणता शब्द असेल. आपणही तसंच करतो. गोंगाटात कुणी "चहात ... घाल" म्हटलं, तर मधला शब्द ऐकू आला नाही तरी आपण "साखर" धरून चालतो.

आकड्याच्या बाबतीत हा अंदाज लंगडा पडतो. "चहात" म्हटल्यावर साखर येणार हे कळतं, पण "गंगूबाईंचे" म्हटल्यावर साठ येणार की सात, हे मागच्यापुढच्या शब्दांवरून कुणाला कळणार? दोन्ही बरोबरच वाटतात. तिथं फोनजवळ फक्त आवाज उरतो, आणि पंखा फिरत असेल, बाजूला लेकरू रडत असेल, तर तोही धड पोचत नाही.

शब्द ठरल्यावर आणखी एक काम राहतं. ऐकलेला "पाचशे" अक्षरात ठेवायचा की अंकात, हे फोनच ठरवतो. कधी "पाचशे" असं अक्षरात येतं, कधी अंकात. एकाच निरोपात दोन्ही प्रकार दिसले तर घाबरू नका, तो बिघाड नाही. रक्कम बरोबर आहे ना, एवढं बघा.

मराठी आकड्यांची गंमत आणि अडचण

इंग्रजीत वीसच्या पुढचा आकडा बोलताना दशक आधी येतं आणि एकक नंतर. आपल्याकडे उलट आहे. "पंचवीस" म्हणजे आधी पाच, मग वीस. कागदावर मात्र आधी २ आणि मग ५. शिवाय प्रत्येक आकड्याचं रूप वेगळं आहे. पाचचं कुठं "पंच" होतं, कुठं "पस्", कुठं "पंच्या". एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांत "एकोण" म्हणजे एक कमी. हा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्याण्णवला मोडतो.

ही अडचण काही फोनमुळे निर्माण झालेली नाही. लहान मुलांना ती आधीपासून आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस, बावीस" यांच्यासोबत "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची सोपी पद्धत दिली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. तो विधिमंडळातही गाजला. त्या वेळी गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं असं होतं, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं आकड्यांना घाबरतात. विरोध करणाऱ्यांना वाटलं, पिढ्यान्‌पिढ्यांचे शब्द हरवतील. कोण बरोबर यात आज शिरायला नको. पण मराठी आकडे कानाला अवघड आहेत, हे त्या वादाने सगळ्यांसमोर आणलं.

त्यात आपल्या बोलीत "वीसएक बाया आल्या होत्या" म्हणजे एकवीस बाया नव्हेत, साधारण वीस. हा फरक माणसाला कळतो. फोनला तो कळेलच असं धरून चालू नका.

कानाला जवळ वाटणाऱ्या काही जोड्या सांगते. पेन असेल तर लिहून घ्या:

सात आणि साठ. सतरा आणि सत्तर. बत्तीस आणि बेचाळीस. एकोणचाळीस आणि एकेचाळीस. सत्तेचाळीस आणि सत्तावन्न. त्रेपन्न आणि छप्पन्न. एकोणसाठ आणि एकसष्ट. सदुसष्ट आणि अडुसष्ट. अठ्ठ्याऐंशी आणि अठ्ठ्याण्णव.

यांतला कोणताही आकडा बोललात, तर पडद्यावर काय उमटलं ते थांबून बघायचं. आपल्या भागात कुणी वीसला "ईस" म्हणतं, कुणी शंभरला "शंबर". त्यात लाजण्यासारखं काही नाही, ती आपली बोली आहे. फोनच्या कानाला ती सवयीची नसेल, म्हणून आकडा बोलताना जरा सावकाश बोला, एवढंच.

आकडा कसा सांगायचा?

पहिली गोष्ट, आकडा एकटा सोडू नका. पुढे "रुपये", "किलो", "टक्के", "तारीख" असं काहीतरी लावा. "साठ" म्हणण्यापेक्षा "साठ रुपये फक्त" म्हणा. मागचापुढचा शब्द मिळाला की फोनचा अंदाज सुधारतो, आणि वाचणाऱ्या बाईलाही हा आकडा कशाचा ते कळतं.

दुसरी गोष्ट, दोन आकडे शेजारी बसवू नका. समजा गंगूबाईंनी बचतीचे दोनशे दिले आणि उशिराच्या दंडाचे पन्नास. तुम्ही बोललात, "गंगूबाई दोनशे पन्नास." फोन सरळ अडीचशे लिहील. एकूण रक्कम बरोबर येईल, पण बचतीच्या खात्यावर पन्नास जास्त दिसतील आणि दंड कोराच राहील. वर्षअखेरीला वाटपाच्या वेळी यावरूनच भांडण होतं. म्हणून म्हणायचं, "गंगूबाई, बचत दोनशे रुपये आणि दंड पन्नास रुपये."

तिसरी गोष्ट, दीड-अडीच-सव्वा जपून वापरा. हे शब्द आपले लाडके आहेत आणि बोलण्यात खुशाल वापरा. हिशेब बोलून लिहिताना मात्र ते उलगडून सांगा. पाऊणशे म्हणजे पंच्याहत्तर. सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस. दीडशे म्हणजे एकशे पन्नास. पावणेदोनशे म्हणजे एकशे पंच्याहत्तर. अडीच हजार म्हणजे दोन हजार पाचशे. साडेतीन हजार म्हणजे तीन हजार पाचशे. "सव्वा दोनशे" थांबून बोललात तर सव्वा एकीकडे आणि दोनशे दुसरीकडे जाण्याची भीती असते.

चौथी गोष्ट, अंदाजाचे आकडे हिशेबात नकोत. "पाच-सात हजार", "दोन-तीनशे" असं बोलण्यात चालतं. कागदावर पाच आणि सात शेजारी आले की त्यांचे सत्तावन्न व्हायला वेळ लागत नाही.

पाचवी गोष्ट, तारीख सांगताना महिन्याचं नाव घ्या. "पाच सहा" म्हणजे पाच जून, की सहा मे, की पाच-सहा दिवस? "पाच जून" म्हटलं की प्रश्नच उरत नाही. फोन नंबर सांगताना एकेक अंक सुटा सांगा. "डबल नऊ" म्हणू नका, "नऊ नऊ" म्हणा. शेवटी अंक मोजा, दहा भरले पाहिजेत.

सहावी गोष्ट टिंबाची. गटाचं व्याज दरमहा दीड टक्का असेल आणि तुम्ही "एक पॉइंट पाच टक्के" बोललात, तर मधलं टिंब गळालं की वाचणाऱ्याला पंधरा टक्के दिसतील. एवढ्याशा टिंबाने व्याज दहा पट होतं. म्हणून व्याजाचा दर अक्षरातच ठेवा, "दीड टक्का". अडीच हजार उलगडून सांगायचं आणि दीड टक्का मात्र तसाच ठेवायचा, कारण टक्का उलगडायला गेलं की टिंब आडवं येतं.

मोठ्या रकमेत स्वल्पविरामाची जागाही बघा. आपल्याकडे सव्वा लाख १,२५,००० असा लिहितात, इंग्रजी पद्धतीत स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी पडतो. फोन कधी असा लिहितो, कधी तसा. स्वल्पविरामावर विसंबू नका, शून्यं मोजा.

विरामचिन्हं बोलायची कशी?

इंग्रजीत फोनला "कॉमा" किंवा "फुल स्टॉप" म्हटलं की ते चिन्ह उमटतं. मराठीत सगळीकडे तसं होत नाही. एखाद्या फोनवर "पूर्णविराम" म्हटलं की चिन्ह येतं, दुसऱ्यावर तो शब्दच लिहिला जातो. आपला फोन काय करतो ते एकदा घरी करून बघा. चिन्ह येत नसेल तर वाक्य संपलं की माईक थांबवा, कीबोर्डवरचं टिंब बोटाने दाबा आणि पुढचं वाक्य बोला. हाताने एवढंच टंकायचं असेल तर ते कुणालाही जमतं.

चिन्हाविना किती घोटाळा होतो बघा. सामानाची यादी बोलली, "साखर तेल पाच शेंगदाणे दोन किलो." आता पाच काय, तेल की शेंगदाणे? बोलताना आपण मध्ये थांबतो, म्हणून ऐकणाऱ्याला कळतं. कागदावर ते थांबणं जातं.

त्याहून मोठा घोटाळा प्रश्नाचा. आपण गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, "रखमाबाईंनी दोन हजार भरले?" प्रश्न आहे हे आपल्या आवाजाच्या चढावरून कळतं. फोन तो चढ उचलेलच असं नाही. तो लिहितो, "रखमाबाईंनी दोन हजार भरले." झालं! विचारलेला प्रश्न पावती होऊन बसला. दोन महिन्यांनी कुणीतरी तोच निरोप दाखवून म्हणेल, "हे बघा, भरल्याचं तुम्हीच लिहिलंय." इथं रखमाबाई खोटी नाही आणि अध्यक्षही खोटी नाही. एक प्रश्नचिन्ह नव्हतं, एवढंच.

यावर उपाय आपल्या भाषेतच आहे. जुन्या मोडी कागदांत आजच्यासारखी विरामचिन्हं नसत, शब्दांत मोकळी जागाही नसे. आज आपण वापरतो ती चिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणावर मराठी छपाईत रुळली, आणि त्या कामात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. त्याआधीही लोक हिशेब लिहीत होते, पत्रं पाठवत होते, करार करत होते. अर्थ कळावा म्हणून ते शब्दांचाच आधार घेत. आपणही तेच करायचं.

प्रश्न असेल तर "का" लावा. "रखमाबाईंनी दोन हजार भरले का" असं म्हटलं की चिन्ह असो नसो, तो प्रश्नच राहतो. यादी असेल तर प्रत्येक वस्तूला तिचं माप द्या आणि मध्ये "आणि" घाला, "साखर दोन किलो आणि तेल पाच किलो आणि शेंगदाणे दोन किलो." शाळेत बाई रागावल्या असत्या, पण हिशेब चुकणार नाही. दुसरीचं बोलणं सांगायचं असेल तर "असं शोभाताई म्हणाल्या" हे शेवटी लावा, म्हणजे ठराव कुणी मांडला ते नक्की राहतं. आणि वाक्यं छोटी करा. क्रियापद आलं की वाक्य संपलं. "आहे", "दिले", "ठरले" हेच आपले पूर्णविराम.

अक्षरी रक्कम का हवी?

बँकेच्या चेकवर आपण रक्कम अंकात लिहितो आणि अक्षरातही. त्यामागे कायदा आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ मध्ये सांगितलंय, की अंक आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षरातली रक्कम खरी धरायची. कारण अंकाचं एक शून्य वाढवणं सोपं आहे, अक्षरातला "पाचशे" बदलून "पाच हजार" करणं अवघड आहे.

हीच रीत गटाच्या निरोपाला लावा. कर्जाची रक्कम दोनदा बोला. "सुमनताईंना कर्ज तीन हजार रुपये दिले, अक्षरी तीन हजार रुपये." दोन्ही वेळा सारखंच उमटलं तर बरोबर. एकदा तीन आणि एकदा तेरा आलं तर तिथंच थांबा.

शेवटची कसोटी बेरजेची

सगळं बोलून झालं की पेटीतली रोकड मोजा. एक उदाहरण घेऊ. मागची शिल्लक १,२४० रुपये. आज दहा जणींची प्रत्येकी शंभरप्रमाणे बचत १,००० रुपये. परतफेड २,५०० रुपये. व्याज १२० रुपये. दंड २० रुपये. एकूण ४,८८० रुपये. त्यातून कर्ज दिलं ३,००० रुपये. पेटीत उरले पाहिजेत १,८८० रुपये. फोनने परतफेडीचे २,५०० च्या जागी २,००५ लिहिले, तर हिशेबात १,३८५ उरतील आणि पेटीत १,८८०. फरक दिसला की चूक शोधता येते. फोनला बेरीज करायला सांगू नका असं मी म्हणत नाही, पण पेटी उघडून नोटा आपणच मोजायच्या.

त्यानंतर लिहिलेलं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. इतिवृत्त वाचून कायम करण्याची आपली रीत आहेच, तीच पुढे चालवायची. जिला वाचता येत नाही तिने आपल्या नावापुढचा आकडा ऐकून "बरोबर" म्हणायचं, मगच वहीत उतरवून सही किंवा अंगठा. फोन हा कच्चा कागद आहे आणि पक्कं लेखन वहीतच.

एक धोकाही सांगून ठेवते. माईकवर बोललेलं अनेकदा इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातं, आणि आजूबाजूची माणसं तर ऐकतातच. म्हणून ओटीपी, पिन आणि आधार क्रमांक कधीही बोलून लिहायचे नाहीत. ते बोटाने टंका. पैसे पाठवतानाही रक्कम बोलून टाकली असेल, तर पिन घालण्याआधी पडद्यावरची शून्यं मोजून घ्या. गेलेला पैसा परत आणायला बँकेच्या किती चकरा होतात, ते पैठण रस्त्यावरच्या आपल्या एसटीला विचारा.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. दहा मिनिटं काढा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी आहे का ते आधी बघा, कारण हिंदी लावलेली असेल तर आपले "दोनशे" आणि "अडीचशे" त्याला कळणार नाहीत. मग फोन मध्ये ठेवा आणि ज्या कधीच लिहीत नाहीत त्यांनी आधी बोलायचं. प्रत्येकीने आपलं नाव, बचतीची रक्कम आणि आजची तारीख सांगायची. वर सांगितलेल्या जोड्यांतला एकेक आकडाही म्हणून बघायचा. कुणाचा कोणता आकडा फोन चुकवतो, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. तीच तुमच्या गटाची यादी. पुढच्या वेळी लिहिणारी बाई माहेरी गेली तरी इतिवृत्त राहणार नाही, आणि "तूच लिही" म्हणणारी म्हणेल, "थांब, आज मी बोलते."